काळ्या टाकीचा तिसरा प्रसंग

शनिवारी सकाळी अकराला टाकी-वर्ग आटपून वर्लिन हॉगस्टॅड आपल्या मोटरहोमपाशी, म्हणजे चाकांवरच्या घरापाशी आला, गुडघ्याच्या दुखण्यानंतर पहिल्यांदाच गाडीच्या मागे जाऊन वाकला, आणि वाकलेलाच राहिला. काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह सताड उघडा होता.

काळी टाकी म्हणजे संडासाची. करडी म्हणजे मोरीची आणि भांडी घासायच्या पाण्याची. करडीचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर कुणाचं काही बिघडत नाही. काळीचा मात्र बंद ठेवायचा, टाकी दोन-तृतीयांश भरली की मगच ओढायचा, म्हणजे सगळं एका दमात गटारात जातं. उघडा ठेवला तर पातळ तेवढं निघून जातं आणि उरलेलं जागच्या जागी बसतं. त्यावर आणखी बसतं. तीन आठवड्यांत आत एक मनोरा उभा राहतो आणि तो वाळून दगड होतो.

हे मला माहीत आहे, कारण वर्लिननेच शिकवलं. वाळवंटातल्या युमा गावाबाहेरच्या आमच्या ‘ड्राय वेल’ पार्कात, म्हणजे अशा गाड्या उभ्या करून राहायच्या तळावर, उत्तरेतली थंडी चुकवायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या दीडशे गाड्या असतात, आणि प्रत्येकाला कधी ना कधी वर्लिनच्या वर्गात बसावंच लागतं. मीही बसलोय, वही घेऊन. पंचवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस मी, आणि पासष्टाव्या वर्षी संडासाच्या टाकीची आकृती काढून तिला बाण दाखवत होतो. छान आली होती आकृती.

त्या सकाळी वर्लिनने नेहमीप्रमाणे जुन्या माशांच्या काचपेटीत ओटची घट्ट लापशी ओतून, खालचं बूच उघडून, मनोरा कसा होतो ते सगळ्यांना करून दाखवलं होतं. ओक्लाहोमाहून नवीनच आलेला डेलमार स्परलॉक पहिल्या रांगेत बसून एकेक शब्द उतरवून घेत होता. त्याने हात वर केला.

“मास्तर, पण असा उघडा कोण ठेवेल हो?”

“ठेवतात,” वर्लिन म्हणाला. “जगात गाढवांना तोटा नाही.”

डेलमारने तेही लिहून घेतलं.

आणि आता गाढव गाडीमागे वाकून उभं होतं. कधी उघडला आपण हा? वर्लिनने डोकं खाजवलं. नाताळात गुडघा सुजला होता, तेव्हा असणार. दुखण्याच्या भरात ओढला असेल आणि तसाच विसरला असेल. म्हणजे तीन आठवडे झाले! त्याने आत धाव घेतली आणि टाकीचे दिवे दाखवणारं बटण दाबलं. काळ्या टाकीचा लाल दिवा लागला: भरली. हा दिवा दोन वर्षांपासून रोज हेच सांगतोय, त्यावर कधीही विश्वास ठेवू नका, असं वर्लिन स्वतः वर्गात घसा फोडून सांगायचा. पण भ्यायलेल्या माणसाला दिवा खरा वाटतो.

भ्यायला कारण होतं. फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली, एक कागद लावलेला होता. त्यावर त्याच्या बायकोच्या, आर्डिसच्या, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं की काळ्या टाकीचा ३ रा प्रसंग घडला, की गाडी विकायची आणि फार्गोला लव्हॉनच्या इमारतीत फ्लॅट घ्यायचा. खाली दोघांच्या सह्या. लव्हॉन म्हणजे आर्डिसची थोरली बहीण. पहिला प्रसंग नेब्रास्कातल्या एका पेट्रोल पंपावर घडला होता. त्यात पाइप निसटला होता आणि वर्लिनचे बूट तिथेच सोडून यावे लागले होते. दुसरा प्रसंग इथेच घडला. टाकी धुवायला पाण्याची नळी लावून वर्लिन शेजाऱ्याला व्याख्यान देत बसला, पाणी वर चढत गेलं, आणि नेमकी त्याच वेळी पाहुणी आलेली लव्हॉन संडासात बसलेली होती. कागद त्याच संध्याकाळी लिहिला गेला. एकदा लिहिलं की आर्डिस मागे हटत नाही, हे वर्लिनला चाळीस वर्षांच्या संसारात पुरतं कळलेलं होतं.

फार्गो! तिथे जानेवारीत श्वास घेतला तरी नाकातले केस गोठतात. लव्हॉनच्या इमारतीत रात्री नऊनंतर खुर्ची सरकवायची नाही असा नियम आहे. वर्लिनने खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि शेजारची बाई अर्ध्या चड्डीत कॅक्टसला पाणी घालत होती.

नशिबाने आर्डिस घरात नव्हती. शनिवारी ती क्लबच्या खोलीत पत्ते खेळायला बसते ती चारच्या आधी उठत नाही. पाच तास हातात होते, आणि मनोरा पाडायचा होता.

उपाय एकच सुचला, आणि तो आठवून वर्लिनला स्वतःचीच लाज वाटली. बर्फ. टाकीत बर्फाचे खडे, थोडं पाणी आणि साबण टाकायचा नि गाडी खडबडीत रस्त्यावर फिरवायची. खडे आपटून आपटून आतलं सगळं खरवडून काढतात, अशी आम्हा लोकांत एक समजूत आहे. दर शनिवारी वर्लिन ह्या समजुतीची दहा मिनिटं टर उडवायचा. “बर्फ!” तो म्हणायचा. “बर्फ सरबतात घालावा. टाकीत बर्फ घालणाऱ्याने आधी तो स्वतःच्या डोक्यावर ठेवावा.” आम्ही सगळे हसायचो. आमच्यातल्या निम्म्यांनी बर्फ घालून बघितलेला होता, तेही हसायचे.

तो लंगडत ऑफिसकडे गेला. बर्फाची पेटी ऑफिसच्या दाराशी असते आणि तिच्यावर ऑफिस सांभाळणाऱ्या मॅक्सीनची नजर असते.

“आठ पिशव्या दे.”

“आठ?” मॅक्सीनने चष्मा खाली ओढला. “अगंबाई! वर्लिन, तू?”

“हो. का?”

“काही नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच! मला तर वाटलं होतं, तुझ्याकडचं सरबत प्यायला मिळेपर्यंत मी काही जगत नाही.”

वर्लिन पिशव्या ढकलगाडीवर लादून निघून गेला. तो मनोऱ्याच्या विचारात होता. नाहीतर त्याच्या लक्षात आलं असतं की आमच्या पार्कात दोनपेक्षा जास्त पिशव्या बर्फ जो घेईल, त्याच्याकडे त्या दिवशी चारची बैठक असते. असं आमंत्रण कुणी तोंडाने देत नाही, आणि ते कुणी नाकारतही नाही. आपापली खुर्ची, आपापला पेला आणि काहीतरी खायचं घेऊन जायचं. मॅक्सीनने त्याची पाठ वळायच्या आत दाराशेजारच्या फळ्यावर लिहून टाकलं: “आज चार वाजता – हॉगस्टॅड. आठ पिशव्या!!”

वर्लिनने व्हॉल्व्ह घट्ट बंद केला आणि कामाला लागला. मोटरहोमच्या संडासात बर्फ ओतणं वाटतं तितकं सोपं नाही. एका पायाने खालचं पेडल दाबून धरायचं, म्हणजे झाकण उघडतं. दोन्ही हातांनी वीतभर भोकात खडे घालायचे. आणि दुसऱ्या, सुजक्या पायावर उभं राहायचं. अर्धे खडे भोकात गेले, अर्धे वर्लिनच्या बुटात. सात पिशव्या रिकाम्या झाल्या तेव्हा पेडलवरच्या पायात गोळा आला होता आणि दुसरा पाय गारठून बधिर झाला होता. आठवी पिशवी त्याने तशीच मोरीत टाकली.

मग साबण. वर्गात तो सांगायचा, साबण एक चमचा. पण चमचा मोजायची ही वेळ नव्हती. आर्डिसची भांड्यांच्या लिंबू-साबणाची मोठी बाटली त्याने उलटी केली, आणि धीर आला नाही म्हणून शिल्लकीतली दुसरीही केली. वर चार बादल्या पाणी.

आता गाडी बाहेर काढायची. ती काढणं म्हणजे अख्खं घर आवरणं. विजेची तार, पाण्याची नळी, गटाराचा पाइप, सावलीचा पडदा, बाजूला सरकवून काढलेली बैठकीची खोली, टेबलावरचे फोटो. हे सगळं एका गुडघ्यावर उरकेपर्यंत सव्वातीन वाजले. शेवटी घाम पुसत वर्लिन चालकाच्या जागेवर चढला, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

डेलमार होता. एका हातात घडीची खुर्ची आणि दुसऱ्या हातात चीज भरून भाजलेल्या मिरच्यांचा डबा.

“मास्तर, मी जरा लवकरच आलो.”

“कशाला?”

“म्हणजे काय? बैठकीला! फळ्यावर लिहिलंय की, आठ पिशव्या.” डेलमारने गाडीच्या आवरलेल्या अंगाकडे बघितलं. “पण तुम्ही निघालात कुठे?”

वर्लिनच्या तोंडचं पाणी पळालं. फळा! चार वाजता अख्खं पार्क येणार, आर्डिस येणार, आणि कुणी ना कुणी संडासात जाणारच.

“मी... गॅस भरून आणतो. सिलिंडर संपत आलाय. आलोच.”

“मग मीही येतो!” डेलमार खुर्ची नि डब्यासकट आत चढला सुद्धा. “तुम्ही गाडी कशी चालवता ते बघायला मिळेल. वही आणलीय.”

त्याला खाली ढकलायला वेळ नव्हता. वर्लिनने गाडी काढली आणि गॅसच्या दुकानाकडे जायच्या ऐवजी कोरड्या ओढ्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्याला वळवली. तो रस्ता आमच्याकडे सगळे टाळतात. त्यावर एकदा एकाची कवळी पडली होती. वर्लिनने एक खड्डा घेतला. मग दुसरा. मग मुद्दाम वळून तिसरा.

“मास्तर,” डेलमार दोन्ही हातांनी डबा धरून म्हणाला, “तुम्ही खड्डे चुकवत नाही, शोधताय.”

“टायरांना व्यायाम लागतो.”

डेलमारने लिहून घेतलं. निदान लिहायचा प्रयत्न केला. मागून ‘खडाड् खळ्ळ, खडाड् खळ्ळ’ असा आवाज येत होता.

“हे काय वाजतंय?”

“भांडी.”

“भांडी जमिनीखालून वाजतायत, मास्तर.”

“गाडी जुनी आहे!” वर्लिन ओरडला. “जुन्या गाडीत सगळं सगळीकडून वाजतं!”

पंधरा मिनिटं अशी गेली. खडखड हळूहळू कमी झाली आणि तिच्या जागी कसलाच आवाज येईना. वर्लिनला वाटलं, मनोरा पडला! त्याने खुशीत गाडी वळवली. तेवढ्यात डेलमार संकोचून उठला.

“मास्तर, खड्ड्यांनी जरा... मी आत जाऊन येऊ का?”

“नाही! डेलमार, थांब! पेडलला पाय लावू न–”

पण ओक्लाहोमाचा माणूस अडचणीत असला की भलताच चपळ होतो. दार लागलं. पेडलचा ‘खट्’ झाला. मग आतून जी हाक आली ती वर्लिन अजून विसरलेला नाही.

“मास्तर! तुमचा संडास उतू जातोय हो! दुधासारखा!”

इकडे पावणेचारला आर्डिस पत्ते आटपून घरी आली. घर नव्हतं. घराच्या जागेवर तेलाचा एक डाग होता, आणि त्या डागाभोवती अर्धगोल करून आम्ही बावीस जण घडीच्या खुर्च्या मांडून, पेले मांडीवर ठेवून बसलो होतो. कुणी चिप्स आणले होते, कुणी बीन्सची चटणी. मी लोणच्यातली अंडी नेली होती, ती नेहमी मीच खातो.

“हे काय?” आर्डिसने विचारलं.

“तुमच्याकडे बैठक आहे,” मॅक्सीन म्हणाली. “आठ पिशव्या नेल्यात त्याने. तुला ठाऊक नाही?”

“आठ पिशव्या काय?”

“बर्फ.”

आर्डिसचा चेहरा पांढरा पडला आणि ती माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली. मला वाटलं, खर्चाने असेल.

तेवढ्यात गाडी वळणावर दिसली. आधी आम्हाला टपावरचं काहीच कळेना. टपावरच्या हवेच्या नळीतून पांढऱ्या फेसाची एक लांब दाढी निघाली होती आणि वाऱ्यावर मागे उडत होती. त्या नळीखाली कुठली टाकी असते, हे वर्लिनच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाला पाठ होतं. बावीस जण एका हुकमात खुर्च्यांसकट दहा पावलं मागे सरकले. ज्यांचे खुबे नव्याने बदलून घेतलेले आहेत तेसुद्धा सरकले.

गाडी डागावर येऊन थांबली. दार उघडलं. आधी फेस उतरला, सावकाश, पायऱ्यांवरून. मग कमरेपर्यंत फेसात, डबा डोक्यावर धरलेला डेलमार उतरला. आणि शेवटी वर्लिन उतरला.

कुणी पुढे होईना. सगळ्यांनी नाकं धरली होती. मग मॅक्सीनने जरा बोटं सैल केली.

“लिंबू?” ती म्हणाली.

वर्लिनने कुणाकडे बघितलं नाही. तो आर्डिससमोर जाऊन उभा राहिला. त्याच्या भुवयांवर फेस होता.

“आर्डिस, तिसरा प्रसंग,” तो म्हणाला. “सांगून टाकतो. काळीचा व्हॉल्व्ह मी उघडा ठेवला. नाताळापासून. मी! दर शनिवारी लापशी ओतून लोकांना शहाणपण शिकवणारा! सकाळी ह्या डेलमारला सांगितलं की असं गाढवं करतात. त्याच्या वहीत आहे, माझं नाव तेवढं घालायचं बाकी आहे. वर तुझ्यापासून लपवायला सात पिशव्या बर्फ घातला आत. हो, बर्फ. हसा, हसा! तुमच्या जागी असतो तर मीही हसलो असतो.”

पण कुणी हसलं नाही.

“मला फार्गोला जायचं नाही गं,” तो म्हणाला. “पण शब्द म्हणजे शब्द. तू म्हणशील तेव्हा गाडी विकू.”

आर्डिस खाली बघत होती. डेलमार मात्र आपल्या बाहीवरचा फेस निरखत होता. त्याने भीत भीत तो हुंगला.

“मास्तर, एक शंका. तीन आठवड्यांचा मनोरा होता ना आत? मग हा फेस इतका स्वच्छ कसा? आमच्या घरच्या साबणाच्या पाण्याहून स्वच्छ आहे.”

वर्लिनने आपल्या हाताकडे बघितलं. मग पायऱ्यांकडे. मग टपाकडे. शिष्याच्या आधी हे आपल्याला सुचायला हवं होतं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

“खरंच,” तो म्हणाला. “हे पांढरं कसं?”

“टाकी रिकामी होती म्हणून,” आर्डिस हळूच म्हणाली.

“काय?”

“टाकी धुतलेली होती. सकाळी तू लापशी घेऊन गेलास ना, तेव्हा मी मैल्याच्या टँकरवाल्या चुईला बोलावलं. त्याने आत नळी घालून तासभर पाणी मारलं. आरशासारखी केली म्हणाला. व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडा ठेवा, निथळू दे, म्हणाला, आणि मी पत्त्यांच्या नादात बंद करायला विसरले.” तिने मान वर केली. “दुसऱ्यांदा विसरले. नाताळातही मीच उघडला होता. तुझा गुडघा सुजला होता, तू रात्रभर कण्हत होतास, म्हटलं आपण एकदा करून बघू. केलं, आणि बंद करायचं राहिलं. गुरुवारी कळलं तेव्हा माझं धाबंच दणाणलं.”

“तुझं?” वर्लिनला काही उमजेना. “तुझं कशाला? कागद तर तूच लिहिलास! तुला तर फार्गोच हवं होतं!”

“दोन वर्षांपूर्वी हवं होतं,” आर्डिस फणकारली. “तेव्हा मी रागात होते, आणि लव्हॉन माझ्या टॉवेलात स्वतःला गुंडाळून रडत होती. तिथे जाऊन मी काय करू? तिच्या खिडकीतून तिची गाडी बर्फाखाली गेलेली बघू? इथे माझे पत्ते आहेत. सकाळी चप्पल घालून बाहेर पडता येतं. इथे बर्फ असतो तो पेल्यात असतो.”

“आणि ह्याच्या संडासात,” मॅक्सीन म्हणाली.

आणि मग आम्ही हसलो. पोट धरधरून हसलो. आर्डिस हसली, फेसातला डेलमार हसला, आणि शेवटी वर्लिनही हसायला लागला, तो इतका की गुडघा धरून पायरीवरच बसला. खुर्च्या पुन्हा पुढे सरकल्या. कुणीतरी मोरीतली आठवी पिशवी शोधून आणली. ती कुठून आणली हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे पहिला खडा पेल्यात घ्यायला कुणी धजेना. मग वर्लिननेच घेतला.

“पण मास्तर,” डेलमारने वही उघडली, “नियमाने हा प्रसंग धरायचा की नाही? चूक त्यांची, बर्फ तुमचा. आणि कागदावर तर सही आहे.”

“धरायचा,” वर्लिन म्हणाला. “नियम म्हणजे नियम. थांब, कागदच आणतो. सगळ्यांसमोर फाडायचा की पाळायचा ते आर्डिस ठरवेल.”

“राहू दे ना तो कागद आता,” आर्डिस घाईने म्हणाली. पण तो फेस तुडवत आत गेलेला होता.

फ्रिजच्या दारावर कागद होता तिथेच होता. वर्लिनने चुंबक काढला, चष्म्यावरचा फेस पुसला आणि रोज येता-जाता न वाचता बघितलेला तो मजकूर दोन वर्षांनी पहिल्यांदा नीट वाचला. मग खिडकीजवळ नेऊन पुन्हा वाचला. “काळ्या टाकीचा १३ रा प्रसंग घडला, की गाडी विकायची...” तीनचा आकडा जुन्या, फिकट पडलेल्या शाईतला होता. त्याच्या आधीचा एक मात्र ताजा, निळा, आर्डिसच्या पत्त्यांचे गुण लिहायच्या पेनाचा. गुरुवारचाच असणार.

मग त्याने कागद होता तसा चुंबकाखाली लावला आणि दारातून डोकं बाहेर काढलं.

“वाचला गं!” तो म्हणाला. “आजचा धरून तीन झाले. अजून दहा आहेत!”

आम्हाला कुणाला काही कळलं नाही. आर्डिस मात्र कानापर्यंत लाल झाली, आणि तिने पेल्यातला खडा दाढेखाली कडकन फोडला.

“अकरा,” ती म्हणाली. “आजचा फेस पांढरा होता. तो धरायचा नाही.”